भिंतीच्या सावलीत बसू नका

मिस्त्रीच्या भिंतीला ओळंबा लावायचा म्हणजे त्याला तोंडावर खोटं पाडायचं, असं त्याच्या हाताखालची माणसं समजायची. ओळंबा म्हणजे काय, दोरीच्या टोकाला बांधलेला लोखंडाचा गोळा. वरून सोडला की दोरी सरळ खाली येते, आणि भिंत कुठं पोट काढतेय, कुठं कलतेय ते उघडं पडतं. मिस्त्रीही लावायचा ओळंबा, नाही असं नाही. पण आधी भिंतीच्या टोकाशी जाऊन उभा राहायचा, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचा, "वरून चौथी वीट. केसभर बाहेर आलीय." मग दोरी सोडायची. दोरी नेमकी चौथ्या विटेला टेकलेली असायची. नवा बिगारी आ वासून बघत राहायचा आणि जुने त्याला कोपरानं ढोसायचे, बघितलंस ना म्हणून.

त्या डोळ्यावर मिस्त्रीचं घर चाललं, पोरीचं लग्न झालं, आणि त्या डोळ्यापायी मान जरा ताठच असायची. शेवटी त्या मानेनंच दगा दिला.

झालं असं, की आठवडाभर त्यानं छताचा गिलावा केला. दिवसभर डोकं मागं टाकून वर बघायचं, वरून माल तोंडावर पडायचा. मान अशी धरली की बायकोनं हाक मारली तर सगळं अंग वळवून बघावं लागे. मग तो दाढीला गेला तेव्हा सलूनवाल्याला म्हणाला, "जरा मोकळी कर बाबा." सलूनवाल्यानं दोन्ही हातांत डोकं धरलं आणि कटकन फिरवलं. आवाज असा आला की बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकानं पेपर खाली घेतला.

"कसं वाटतंय?"

"लई मोकळं," मिस्त्री म्हणाला. त्या आवाजानंतर सगळेच तसं म्हणतात.

पण डाव्या कानामागं त्या दिवसापासून कुणीतरी बारीक खिळा ठोकत होतं. मिस्त्रीनं बाम चोळला नि कामावर गेला. कामकरी माणूस दुसरं काय करणार?

काम होतं गोदामाचं. बाजूची भिंत, लांबलचक आणि उंच, अजून वर छप्पर नाही, आधाराला काही नाही. भिंतीचा कोपरा आधी उभा करायचा आणि मग त्या कोपऱ्याला बघून बाकीची भिंत ओढत न्यायची, अशी रीत. कोपरा मिस्त्रीचा. त्याला दुसरं कुणी हात लावायचं नाही. त्या सकाळी कोपरा गुडघ्याएवढा झाला आणि मिस्त्रीनं ओळंबा सोडला.

ओळंबा तिरपा लोंबत होता.

मिस्त्रीनं डोळे चोळले. वारा नव्हता. गोळा हलत नव्हता. पण दोरी वरून निघून खाली डावीकडं सरकलेली, कुणी बोटानं बाजूला धरून ठेवल्यासारखी.

"ही दोरी कुणी बिघडवली रे?"

मेहुणा खालून माल देत होता. मिस्त्रीच्या बायकोचा धाकटा भाऊ, दाजींच्याच हाताखाली शिकलेला. तो येऊन बघून म्हणाला, "काय झालं दाजी? मला तर बरी दिसतेय."

"बरी दिसतेय म्हणे. डोळे आहेत का बटणं? पीळ बसलाय तिला. फेक तिकडं."

"लेव्हलची पट्टी आणू?"

"मला पट्टी दाखवतोस?" मिस्त्रीनं असं बघितलं की मेहुणा दोन पावलं मागं सरला. पोटात मळमळत होतं, कानामागचा खिळा आत आत चालला होता, त्यात हे पोरगं पट्टी आणू म्हणतंय. "माझ्या डोळ्यानं घेतो. तुम्ही सगळे माझ्या कोपऱ्यावर चला. फळी लावा नि वर न्या. दोरीचं नाव काढू नका."

झालं. मिस्त्रीनं कोपरा छातीएवढा नेला. लंबू म्हणून एक जुना गवंडी होता, त्यानं एकदा मान वाकडी करून बघितलं, तोंड उघडलं, आणि परत मिटलं. मिस्त्रीचा डोळा तो. आपण कोण?

पुढचं सगळं पाच मिनिटांत झालं असेल. मिस्त्री परांचीवरून खाली उतरला आणि जमीनच उभी राहिली. खरंच उभी राहिली. विटांचा ढीग भिंतीसारखा शेजारी आला, आभाळ डाव्या हाताला गेलं, आणि लंबू आडवा होऊन हवेत चालत आला. मिस्त्रीनं विटांना मिठी मारली. सोडलं तर आपण आभाळात पडू, असं वाटत होतं. मग भडाभडा ओकला. क्षणभरानं जग परत जागेवर आलं, पण पुरतं नाही. कुठंतरी कललेलंच राहिलं. तोंड धुवायला मेहुण्यानं पाणी दिलं, त्यातला एक घोट तो प्यायला, आणि तो घोट नाकातून बाहेर आला. ठसका असा लागला की डोळे पांढरे. आणि मग उचकी सुरू झाली.

"कुणीतरी आठवण काढतंय मिस्त्री," लंबू म्हणाला. हसलं कुणीच नाही.

दवाखान्यात आधी सगळ्यांना वाटलं, उन्हानं झालं असेल. बायको धावत आली, पायात दोन वेगळ्या चपला. तिनं पहिल्यांदा त्याचे हात धरले. "दाबा बघू." मिस्त्रीनं दाबले, तिची बोटं कळवळली. "अहो, जोर तर आहे! तोंडपण वाकडं नाही. झटका नाही काही, उगाच घाबरवता." तिच्या चुलत्याला झटका आला होता, त्याची एक बाजूच गेली होती, तोंडातून लाळ. तिच्या लेखी झटका म्हणजे तेच.

डोक्याचा स्कॅन झाला. कोरा. मेहुणा म्हणाला, "बघ ताई, काही नाही." सगळ्यांनी श्वास सोडला. सोडला नाही तो एका डॉक्टरीणबाईनं. बाई तरुण, केस कसेतरी बांधलेले, खिशात स्टीलचा चिमट्यासारखा काटा. ती म्हणाली, "हा स्कॅन लवकर केलाय. आणि मेंदूच्या खालच्या टोकाला हा स्कॅन नीट बघू शकत नाही. कोरा आला म्हणजे काही नाही, असं नाही."

मग तिनं तो काटा त्याच्या उजव्या गालाला लावला. "गार लागतंय?"

"हो." आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. घोगरा, ओला, कुणीतरी विहिरीतून बोलतंय असा.

डाव्या गालाला लावला. "आता?"

"लागतंय. गार नाही."

डावा हात. गार. उजवा हात. मिस्त्री थांबला. काटा हातावर आहे हे कळत होतं. पण गार नव्हता, गरम नव्हता, काहीच नव्हता. बाईनं सुई टोचली. बघितल्यावर कळलं की टोचली. उजवा पाय, तेच. तोंडाची डावी बाजू आणि अंगाची उजवी. अर्धं अर्धं, तेसुद्धा उलटसुलट.

"असं कसं असेल बाई?" बायको म्हणाली. "एक तर डावं तरी जाईल नाहीतर उजवं."

"एकाच जागी इजा झाली की असं होतं. तिथं तारा एकमेकींना ओलांडतात." बाईनं मिस्त्रीचा डावा डोळा बघितला. पापणी अर्धी खाली आली होती. "चालून दाखवा."

मिस्त्री उठला, पाऊल टाकलं आणि सरळ डावीकडं गेला, कुणी खांद्याला धरून ओढल्यासारखा. मेहुण्यानं झेललं नसतं तर कपाळ फुटलं असतं. मेहुण्याचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा उतरला.

बाई म्हणाली, "तोंडानं काहीही द्यायचं नाही. पाण्याचा थेंबसुद्धा नाही. गिळलेलं श्वासात गेलं तर निमोनिया होईल. आणि मोठ्या मशिनीत घालू, सकाळी."

मोठी मशीन म्हणजे आडवा ठेवलेला सिमेंटचा पाइपच. मिस्त्रीनं तसले किती पाइप जमिनीत पुरले होते, पण आत जायची पाळी त्याच्यावर आली नव्हती. उताणं निजवलं, डोकं पिंजऱ्यात अडकवलं, हातात रबरी गोळा दिला. मशीनवाला म्हणाला, "काही झालं तर दाबा. पण हलू नका. हललात तर फोटो पुसट येतो, परत काढावा लागतो."

हलू नका म्हणे. उचकी कुणाच्या बापाचं ऐकते?

आणि लाळ. आतल्या आत साचत होती. निजल्यावर घशात उतरते, आपण नकळत गिळतो, आयुष्यभर गिळत आलो, त्यात काय विशेष? मिस्त्रीला आता गिळायचं कसं तेच आठवत नव्हतं. जीभ वर लावायचा, घसा आवळायचा, आणि काहीच होत नव्हतं, दाराला कडी घातल्यासारखं. मशीन दणादण आपटायला लागली, कुणी डोक्यावर पत्रा ठोकतंय अशी. लाळ जिभेच्या मुळापर्यंत आली. आपण आपल्याच थुंकीत बुडून मरणार, अशी त्याची खात्री झाली. त्यानं गोळा दाबला. कुणी येईना. परत दाबला. मग लक्षात आलं, आपण गोळा दाबतोय तो डाव्या हातानं, आणि त्या हाताचा नेमच गेलाय, तो निसटलेल्या गोळ्याऐवजी शेजारची चादर दाबतोय.

उजवा हात पलीकडं नेऊन गोळा पकडला तेव्हा कुठं बाहेर काढलं. सिस्टरनं नळीनं लाळ ओढून घेतली, तिच्याकडं बघत मिस्त्री रडला. पन्नाशी उलटलेला माणूस.

"परत जायचं आहे काका," मशीनवाला हळूच म्हणाला. "पहिले फोटो उचकीनं गेले." यावेळी त्याला जरा कुशीवर टेकवून, गळ्याखाली उशी देऊन आत ढकललं.

दुपारच्या आत बाई फोटो घेऊन आली. पडद्यावर मेंदूचा काप दाखवला, राखाडी. खालच्या टोकाला, डाव्या अंगाला, एक पांढरा ठिपका. डाळीच्या दाण्याएवढा.

"एवढाच?" बायको म्हणाली.

"एवढाच. पण जागा अशी आहे की तिथूनच गिळणं, आवाज, तोल, गार-गरम, सगळं जातं. फार कमी जणांना असा झटका येतो. हातापायांचा जोर राहतो म्हणून घरच्यांना कळत नाही." मग तिनं मानेचा फोटो लावला. दोन रक्ताच्या नळ्या वर चढत होत्या, उजवी चांगली जाड आणि डावी मध्येच दोऱ्यासारखी बारीक. "ही नळी आतून फाटलीय. तुम्ही गिलावा करता ना? नळीच्या आतला गिलावा सुटलाय आणि त्याच्यामागं रक्त शिरलंय. वाट बंद. मानेला काही झालं होतं?"

मिस्त्रीनं दोन्ही हात डोक्याच्या बाजूला धरून वळवून दाखवलं. बाईनं डोळे मिटले. "त्यानंच झालं की वर बघून बघून झालं, हे मी छातीठोक सांगणार नाही. पण परत कुणाच्या हातात मान द्यायची नाही."

मग जाता जाता ती म्हणाली, आणि ते सहज म्हणाली, "आणखी एक. तुम्हाला सरळ वस्तू तिरप्या दिसत असतील. दार, खांब. घाबरू नका. वस्तू सरळच असतात. तुमच्या मेंदूतला ओळंबा सरकलाय."

बाई गेली. मिस्त्री पडून राहिला. उचकी. उचकी. मग उचकीसुद्धा मध्येच अडकली.

दोरी सरळ होती.

कोपरा वाकडा होता.

त्याला भिंत दिसायला लागली. छातीएवढा कोपरा, डावीकडं कललेला. फळी लावून त्याच कोपऱ्यावर काल दुपारभर भिंत वर गेली असणार, आज सकाळपासून आणखी वर. ओला माल. वर छप्पर नाही. आणि डावीकडं काय? डावीकडं दुपारची सावली. ऊन कलंडलं की सगळी माणसं डबे घेऊन त्या सावलीत, भिंतीला पाठ टेकून बसतात. मेहुणा तर पाय पसरून झोपतो.

"फोन," तो बायकोला म्हणाला. "तुझ्या भावाला. लाव."

मेहुण्यानं लगेच उचलला, आणि उचकीवरूनच ओळखलं. "दाजी! आवाज ऐकून बरं वाटलं बघा!"

"भिंत," मिस्त्री म्हणाला. उचकी. "भिंत कुठं आली?"

"काळजीच करू नका. डोक्याच्या वर गेलीय. तुमच्या कोपऱ्याला धरून चाललोय, एका विटेचा फरक केला नाही. लंबूकाका म्हणत होते परत दोरी लावू, मी म्हटलं, दाजी दवाखान्यात पडलेत आणि तुम्ही त्यांच्या मागं त्यांच्या भिंतीला दोरी लावता? लाज वाटू द्या."

मिस्त्रीनं फोन तोंडाजवळ ओढला. "पाड."

"काय?"

"पाड ती. वाकडीय. उठा तिथून."

तिकडं मेहुणा कुणाला तरी म्हणाला, हळू, पण ऐकू आलं, "मेंदूला लागलंय ना. बोलतात काहीबाही." आणि मोठ्यानं, लहान मुलाला बोलतात तसं, "बरं दाजी, बरं. पाडतो. तुम्ही झोपा हं. ताईला द्या."

"पाडणार नाहीस तू!" मिस्त्री ओरडायला गेला आणि घशातून नुसती हवा आली. ठसका लागला. सिस्टर धावली. फोन खाली पडला.

विचार करा. आंधळा झालेला असताना त्याचा शब्द न् शब्द मानला. आता दिसायला लागलं, तर त्याचं कुणी ऐकेना.

बायको पाठ चोळत होती. "शांत व्हा हो. भिंतीचं काय एवढं. जीव आहे तर भिंती शंभर."

मिस्त्रीनं तिच्या कमरेकडं हात केला. तिथं किल्ल्यांचा जुडगा असायचा, नाडीला बांधलेला, दिवसरात्र. तो सोडायला लावला. नाडीचं टोक तिच्या हातात दिलं, उंच धर म्हणून खूण केली. जुडगा खाली लोंबला, जरा झुलला, थांबला.

"ही कशी आहे?"

"कशी म्हणजे? सरळ."

मिस्त्रीनं आपला उजवा तळहात समोर धरला आणि नाडी त्याला जशी दिसत होती तसा कलवला. चांगला कलवला, खाली डावीकडं. बायको एकदा नाडीकडं, एकदा हाताकडं बघत राहिली.

"मला. अशी दिसते," मिस्त्री म्हणाला. "काल. कोपरा घेताना. अशीच."

शिकलेली नव्हती ती, पण गवंड्याची बायको होती, आणि तिचा एकुलता एक भाऊ भिंतीखाली जेवायला बसणार होता. तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं दुसरं काही विचारलं नाही. आपला फोन त्याच्या उशाशी टाकला, सिस्टरला म्हणाली, "माझ्या भावाचा येईल, यांच्या कानाला लावा," आणि नाडी-किल्ल्या तशाच मुठीत धरून निघाली.

गोदाम लांब नव्हतं. पण पडून राहिलेल्या माणसाला सगळंच लांब. खिडकीतून उन्हाचा पट्टा आत आला होता आणि तो फरशीवर सरकत होता. मिस्त्रीला त्या उन्हावरून कळत होतं, सावली आता भिंतीच्या पायाशी आली असेल. आता पाऊलभर. आता डबा ठेवण्याएवढी. आता कुणीतरी पहिला म्हणेल, चला रे, भूक लागली. त्याला डबे उघडल्याचे आवाज ऐकू यायला लागले. खाटेचा खांब तिरपा, दार तिरपं, सलाइनची नळी तिरपी, जगातली प्रत्येक उभी गोष्ट त्याला खोटं सांगत होती, आणि एकच खोटी गोष्ट खरी मानून माणसं तिच्या सावलीत बसत होती.

फोन वाजला. सिस्टरनं कानाला लावला. आधी नुसता गोंगाट; भावाचा फोन हिसकावून तिनंच लावून हातात धरला असणार. मग बायकोचा आवाज, लांबून, ओरडत.

"ऊठ म्हणते ना! आधी ऊठ, मग बोल!"

"ताई, अगं जेवतोय आम्ही. अशी वेड्यासारखी काय करतेस, लोक बघतायत."

"बघू देत. उचल डबा."

"दाजींनी सांगितलं म्हणून भिंत पाडायची? कालपासूनची मजुरी कोण—"

"पाडू नको. दोरी लाव. माझ्या डोळ्यांदेखत लाव. सरळ निघाली तर तुझ्या पाया पडेन."

मग लंबूचा आवाज, जड. "लावू दे रे. मीच लावतो. कालपासून माझ्या पोटात आहे." शिडी सरकवल्याचा आवाज. कुणीतरी म्हणालं, सावकाश काका. मिस्त्रीनं श्वास धरला. उचकीनं तो सोडायला लावला. परत धरला.

तिकडं दोरी सोडल्याचा बारीक आवाज आला.

मग लंबू म्हणाला, अगदी हळू, झोपलेल्या पोराला उठवायचं नसतं तसा, "सगळे लांब व्हा. बोलू नका. टेकू नका. हळू लांब व्हा."

"किती आहे?" मेहुण्याचा आवाज. आता त्यात हसू नव्हतं.

"वीतभर. वरून सोडलेला ओळंबा खाली वीतभर बाहेर लोंबतोय. अरे देवा, कशावर उभी आहे ही?"

पळापळ. पावलं. एक डबा खडखडत घरंगळला. आणि मग मिस्त्रीनं तो आवाज ऐकला. आयुष्यात त्यानं तो दोनदाच ऐकला होता. आधी कुरकुर, सांधे सुटल्यासारखी, मग जमिनीच्या आतून आल्यासारखा धप्प, लांब चाललेला.

"हॅलो," मिस्त्री म्हणाला. आवाज फुटला नाही.

फोनमध्ये नुसती सरसर. धूळ असणार. कुणी खोकत नव्हतं. कुणी हाक मारत नव्हतं. सिस्टरचा हात फोनवर घट्ट झाला होता, तिलाही काय झालं ते कळलं होतं. ती त्याच्याकडं बघेना.

"हॅलो."

मग कुणीतरी खोकलं. मग मेहुणा रडत म्हणाला, "दाजी. सगळे आहोत. ताई आहे. माझी चटई गेली खाली. नुसती चटई. दाजी, मी तिथंच झोपणार होतो."

मिस्त्रीनं डोळे मिटले. सिस्टरनं फोन ठेवला आणि त्याच्या तोंडातली लाळ ओढून घेतली.

पुढं बरं होणं म्हणजे काय, ते डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला सोपं लागतं. नाकातून नळी, त्यातून पातळ अन्न नि रक्त पातळ करायच्या गोळ्या. उचकी काही दिवसांनी गेली, एका दुपारी अचानक, आणि मिस्त्रीला ती गेल्याचं कळलं ते बायको गप्प बसून ऐकायला लागली तेव्हा. गिळायला परत शिकवलं: हनुवटी छातीला लावायची, मान एका बाजूला करायची, आधी जेलीसारखं घट्ट पाणी, चमच्याच्या टोकावर. पहिला चमचा घशाखाली उतरला तेव्हा मिस्त्री घामानं भिजला होता. प्रत्येक घोटाला तो पाइप आठवायचा.

बसवलं की डावीकडं कलंडायचा. व्यायामवाल्यानं समोरच्या दारात दोरी बांधली, खाली पाण्याची बाटली. "हिच्याशी जुळवून बसा." मिस्त्री बसायचा. त्याच्या लेखी तो सरळ बसलेला असायचा आणि दोरी तिरपी. मग सगळं अंग ओरडत असताना, आता पडलो आता पडलो म्हणत असताना, दोरीला खरं मानून उजवीकडं झुकायचं. ते झुकणं खरं सरळ असायचं. कुणाला सांगून पटणार नाही, पण भिंत अंगावर येताना उभं राहण्याइतकं ते अवघड होतं. तरी रोज करायचा.

मेहुणा यायचा संध्याकाळी. पहिले काही दिवस पायाशी बसून नुसता पाय दाबायचा. एकदा म्हणाला, "दाजी, मी तुमचं ऐकलं नाही."

"ऐकलंस," मिस्त्री म्हणाला. आवाज अजून घोगराच होता. "तेच तर झालं."

दोरी हळूहळू सरळ झाली. पण गार-गरम आलं नाही. घरी गेल्यावर त्यानं उजव्या हातानं चहाचा ग्लास धरला, गप्पा मारत बसला, आणि बायको किंचाळली तेव्हा बघितलं तर बोटांना फोड आले होते. दुखलं नाही. न दुखण्याचीच त्याला जास्त भीती वाटायला लागली. रात्री तो उजवा हात उशीखालून काढून बघायचा, आहे ना जागेवर.

काही महिन्यांनी तो काठी टेकत गोदामावर गेला. भिंत परत उभी राहिली होती. वर छप्परही येत होतं. सगळे हातातलं काम टाकून आले. लंबूनं त्याला खुर्ची दिली, पण मिस्त्री बसला नाही. मेहुण्यानं खिशातून ओळंबा काढला आणि त्याच्या हातात ठेवला. नवीन दोरी होती.

"दाजी, एकदा डोळा टाका. मग आमचा जीव भांड्यात."

मिस्त्री भिंतीच्या टोकाशी गेला. सवयीनं एक डोळा मिटला. भिंत सरळ दिसत होती. स्वच्छ सरळ, त्याच्याच हाताची असावी तशी. पूर्वी एवढ्यावर त्यानं मान हलवली असती. आता त्याला दरदरून घाम फुटला. तेव्हाही सरळच दिसत होती.

त्यानं ओळंबा मेहुण्याकडं परत दिला. "तू लाव. लंबू, तू बघ. आणि तू. सगळ्यांनी बघा."

"तुम्हाला कशी दिसतेय?"

"मला विचारू नका. तुम्ही सांगा."

दोरी सोडली. एकेकानं येऊन बघितलं. लंबूनं बोट घालून बघितलं. "सरळ आहे मिस्त्री. सगळ्यांना सरळ दिसतेय."

"बरं," मिस्त्री म्हणाला. तरी त्यानं भिंतीवरची नजर काढली नाही.

ऊन कलंडलं होतं. डबे निघाले. नेहमीच्या जागी चांगली गार सावली पडली होती, नवी चटईसुद्धा अंथरून ठेवली होती. मेहुणा तिकडं चालला आणि मध्येच थांबला. मिस्त्री भिंतीच्या दुसऱ्या बाजूला गेला होता, उन्हात, विटांच्या ढिगावर बसून डबा उघडत होता. हनुवटी छातीला लावून त्यानं पहिला घास सावकाश गिळला.

मेहुण्यानं चटई गुंडाळली. एकेक करून सगळे उन्हात येऊन बसले.